उंबरठ्यापलीकडचा तिळगूळ

पौषाची थंडी ऐन भरात आली की पैनगंगेच्या तीरावरील आमच्या उमरखेड परिसराचे रूप पालटते. पहाटे शिवारावर धुके उतरलेले असते. कापसाची वेचणी चाललेली असते, तूर कापणीला येते, हरभऱ्याला घाटे धरतात आणि ज्वारीचे कणीस हुरड्यात येते. घराघरांतून तीळ भाजल्याचा खमंग वास दरवळू लागला म्हणजे पंचांग न उघडताही कळते, की संक्रांत जवळ आली. वर्षातील सर्वांत लांब रात्री सरल्या, सूर्यनारायणाचा रथ उत्तरेकडे वळला, याचा आनंद साजरा करण्याचे हे पर्व होय. हा आनंद साजरा करताना तो कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो आणि कोणाच्या दाराशी अडतो, हा प्रश्न यंदाच्या सणानिमित्त श्रद्धाळू वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आहे.

सूर्याचे दोन मुहूर्त

प्रथम काळाचा विचार करू. सूर्य दक्षिणेकडील आपली सीमा गाठून प्रत्यक्ष परततो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. त्या दिवशी आपल्याकडे दिनमान सुमारे अकरा तासांचे असते. परंतु आपल्या पंचांगांप्रमाणे सूर्य मकर राशीत प्रवेश करतो तो १४ किंवा १५ जानेवारीला. हा भेद शास्त्रकारांच्या चुकीमुळे नव्हे, तर संपातचलनामुळे पडला आहे. संपातबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो. म्हणून सतराशे वर्षांपूर्वीच्या सुमारास जे उत्तरायण आणि जे मकरसंक्रमण एकत्र येत असे, त्यांत आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत २२ डिसेंबर हाच पौषाचा पहिला दिवस धरला आहे, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

तात्पर्य, एका दिवसाच्या तिथीवरून वाद घालण्याचे कारण नाही. धनुर्मासाच्या पहाटेपासून रथसप्तमीपर्यंत जो काळ जातो, तो सगळाच प्रकाशाच्या प्रतीक्षेचा आणि स्वागताचा काळ आहे. पितामह भीष्मांनी याच उत्तरायणाची वाट पाहिली. शरपंजरी अठ्ठावन्न रात्री काढल्याचा उल्लेख महाभारताच्या अनुशासनपर्वात येतो. देहाला असह्य वेदना होत असताना त्या महापुरुषाने धर्मराजाला काय सांगितले? अनुशासनपर्वाचा फार मोठा भाग दानधर्मपर्व या नावानेच ओळखला जातो. प्रकाशाची वाट पाहणाऱ्या माणसाने तोवर दानाचा विचार करावा, हा या कथेतील संकेत आपण सहसा लक्षात घेत नाही.

धुंधुरमासाची पहाट

सूर्य धनु राशीत असतो तो धनुर्मास. लोकभाषेत यालाच धुंधुरमास म्हणतात. इतर व्रतांत उपवास असतो, तर या व्रतात पहाटेचे जेवण असते, हे याचे वैशिष्ट्य. सूर्योदयापूर्वी स्नान करून देवाला नैवेद्य दाखवावयाचा आणि उजाडता उजाडता सर्वांनी पंगतीला बसावयाचे. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, तिळाची चटणी असा थाट असतो. थंडीत जठराग्नी प्रदीप्त असतो, त्याला स्निग्ध आणि उष्ण अन्न हवे, हा आयुर्वेदाचा विचार घरच्या वडीलधाऱ्या बायकांनी ग्रंथ न वाचता स्वयंपाकघरात आणून ठेवला होता.

आमच्या दक्षिणेला, लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत, मार्गशीर्षाच्या अमावस्येला वेळ अमावस्या करतात. सगळे घर शेतात जाते. कडब्याची खोप उभारून तीत पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवशी शेतात आलेला वाटसरू जेवल्याशिवाय जाऊ नये, अशी तिकडची रीत आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच एळ्ळ अमावस्या; आणि कन्नड भाषेत एळ्ळू म्हणजे तीळ. प्रांत बदलला, भाषा बदलली, तरी थंडीच्या सणात तीळ आणि पाहुणा यांचे स्थान ढळले नाही.

भोगी आणि सुगड

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. तीळ घालून केलेले अभ्यंगस्नान, तीळ लावलेली भाकरी आणि हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, बोरे अशी शिवारातील नवी वस्तू न वस्तू घालून केलेली लेकुरवाळी भाजी, हे भोगीचे जेवण. ज्या घरची शेती नाही, त्या घरी शेजाऱ्याच्या शिवारातून या जिनसा आपोआप येत. भाजीचे नावच लेकुरवाळी. तिच्या कडेवर सगळ्यांनाच जागा.

दुसऱ्या दिवशी सुगडाची पूजा होते. सुगड हा शब्द सुघट, म्हणजे चांगला घट, यावरून आला असे सांगतात. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या लहान घटांत घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे कांडे, बोरे, तीळ आणि आमच्या वऱ्हाडात कापूसही घालतात. घटाला सूत गुंडाळून हळदकुंकवाची बोटे ओढतात. मग देवापुढे, तुळशीपुढे आणि एकमेकींना वाण देणे सुरू होते, ते रथसप्तमीपर्यंत चालते. लहान मुलांचे बोरन्हाण होते, नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात, काळी चंद्रकळा नेसवतात. एरवी शुभकार्यास वर्ज्य मानलेला काळा रंग या एकाच सणाला मानाने घरात येतो. कारण तो उष्णता धरून ठेवतो. रूढीलाही प्रसंग पाहून वळता येते, याचे हे घरगुती उदाहरण होय. ते पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिळाचे सहा उपयोग

धर्मशास्त्रकारांनी या पर्वात तिळाला अग्रमान दिला आहे. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू १६१२ मधील, तर पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधू अठराव्या शतकाच्या अखेरचा. आपल्याकडील सणांचे निर्णय बहुधा या दोन ग्रंथांच्या आधारे होतात. तिळाचे स्नान, तिळाचे उटणे, तिळाचा होम, तिळाचे तर्पण, तिळाचे भक्षण आणि तिळाचे दान, असा सहा प्रकारे तिळाचा उपयोग शास्त्राने पापनाशक सांगितला आहे. शिवमंदिरात तिळाच्या तेलाचे दिवे लावावेत, तीळ, तूप, वस्त्र, कांबळे यांचे दान करावे, असेही सांगितले आहे. हिवाळ्यातील धर्म कांबळ्यापर्यंत येऊन पोहोचतो, हे पाहून शास्त्रकारांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटते.

संस्कृत भाषाही येथे आपल्याला काही शिकवते. तैल हा शब्द तिल या शब्दापासून झाला; म्हणजे पुढे सर्वच तेलांना जे नाव मिळाले, ते मूळचे तिळाचे. आणि तेलाच्या चिकटपणाला संस्कृतात स्नेह म्हणतात. प्रेमालाही स्नेहच म्हणतात. तीळ देणे म्हणजे स्नेह देणे, हा नुसता कविकल्पनेचा खेळ नव्हे. तो शब्दाचा सरळ अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट. हाच तीळ पितरांच्या तर्पणातही लागतो. जिवंत माणसांचे तोंड गोड करणारा आणि गेलेल्या माणसांना तृप्त करणारा असा हा एकच दाणा आहे. संक्रांतीला या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच दिवशी होतात.

दूरदेशीच्या खिडकीतील ज्योत

मकर राशी ठाऊक नसलेले लोकही याच काळात सूर्याची वाट पाहतात. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेसात तासांचा उरतो. तेथील न्यूग्रेंज या ठिकाणी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी बांधलेली एक दगडी समाधी आहे. दक्षिणायनाच्या अखेरच्या दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून आत शिरतो आणि लांब बोळ ओलांडून गाभाऱ्याची जमीन सुमारे सतरा मिनिटे उजळतो. मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी हे दृश्य आत उभे राहून पाहिले. आपल्याकडील ज्या देवळांत ठराविक दिवशी सूर्यकिरण मूर्तीच्या चरणांशी येतात, त्यांची आठवण यावी असाच हा प्रकार आहे.

त्या देशातील खेड्यांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी खिडकीत एक मोठी मेणबत्ती लावून ठेवण्याची रीत आहे. पुष्कळ घरांत ती घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातून लावली जाते. येशूच्या जन्मापूर्वी मेरी आणि जोसेफ यांना बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. तसे कोणी थकलेभागले आज रात्री वाटेवर असेल, तर त्याला हे दार उघडे आहे, असा त्या ज्योतीचा अर्थ. गोठ्यातील जनावरांना त्या दिवशी अधिक चारा घालतात. पुढे ६ जानेवारीला, विशेषतः कॉर्क आणि केरी या परगण्यांत, स्त्रियांचा नाताळ असतो. सणभर राबलेल्या बायका त्या दिवशी विसावा घेतात, एकमेकींच्या घरी जाऊन चहापाणी करतात. घरकाम पुरुषांनी पाहावयाचे असते.

संक्रांतीनंतरच्या आपल्या हळदीकुंकवाशी हे किती जुळते! मात्र एक फरक आहे. त्या बायकांच्या बैठकीला जाण्यासाठी पती हयात असावा लागत नाही.

दारापाशी थांबलेला सण

येथे मूळ मुद्द्यावर येतो. तिळगूळ आपण सर्वांना देतो, गोड बोला असे सर्वांना सांगतो. परंतु हळदीकुंकवाचे बोलावणे आणि वाण सुवासिनींपुरतेच राहते. ज्या बाईचे कुंकू गेले, तिच्या हाती मुलेबाळे तिळगूळ ठेवून जातात. आमंत्रण मात्र तिच्या दारापाशी येऊन पुढच्या घराकडे वळते. लेकीला, सुनेला नटवून ती धाडते आणि स्वतः माजघरात बसून राहते. गल्लीत बांगड्यांची किणकिण होत असताना त्या माजघरात काय चालत असेल, याचा विचार आपण कितीदा करतो?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न दूरचा नाही. शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले, ती तारीख होती १९ मार्च १९८६. त्यानंतरच्या काळात या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष असे अकाली गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रिया शेती करतात, कर्ज फेडतात, मुलांची शिक्षणे करतात, सासूसासऱ्यांचे म्हातारपण सांभाळतात. सुगडातील घाटे, ओंब्या आणि कापूस पुष्कळदा त्यांच्याच शेतातून आलेला असतो. वाण त्यांच्या कष्टाचे आणि वाणाचे बोलावणे मात्र त्यांना नाही, ही विसंगती देवाला तरी रुचेल काय?

संक्रांतीच्या दिवशी त्या घरातील मुलगा तीळ आणि पाणी घेऊन गेलेल्या पित्याचे तर्पण करतो. मृताला तीळ पोहोचतो, अशी आपली श्रद्धा आहे. मग त्याच तिळाचा सण त्याच्या जिवंत पत्नीपर्यंत का पोहोचू नये?

दानाचे पात्र कोण?

काही सज्जन म्हणतील, ही परंपरा आहे, ती शास्त्राने घालून दिली आहे. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते, की शास्त्राने संक्रांतीला सांगितले ते स्नान, तर्पण, दीप आणि दान. हळदीकुंकवाचा समारंभ हा लोकाचार आहे. लोकाचार गोड आहे, सुंदर आहे. परंतु लोकाचार काळ पाहून वळतो, काळ्या चंद्रकळेसाठी वळला तसा वळतो. शास्त्र उघडून रूढी सुधारण्याची वाट या देशात नवीन नाही. ईश्वरचंद्र विद्यासागर हे संस्कृतचे पंडित. त्यांनी पराशरस्मृतीचा आधार देऊन विधवाविवाहाचा पक्ष मांडला आणि १८५६ मध्ये तसा कायदा झाला. महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली.

दानाचे पात्र कोण, याचे उत्तर भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात दिले आहे. योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री आणि जो परतफेड करणार नाही अशाला कर्तव्यबुद्धीने दिलेले दान ते सात्त्विक. परत काही मिळावे म्हणून दिलेले ते राजस. आज मी तुझ्या घरी वाण घेतले, उद्या तू माझ्या घरी घे, यात आनंद आहे, मैत्री आहे. परंतु भगवंतांच्या मापाने ते दान नव्हे. जिला कोणी बोलावत नाही, तिच्या ओटीत घातलेले वाण मात्र त्या मापाला पुरेपूर उतरते.

कीर्तनाच्या उत्तररंगात नाथमहाराजांची एक कथा आम्ही नेहमी सांगतो. नाथ प्रयागाहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वरास निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत पडलेले दिसले. बरोबरचे यात्रेकरू हळहळले आणि पुढे निघाले. नाथांनी कावड उतरवली आणि रामेश्वरासाठी आणलेले जल त्या मुक्या जिवाच्या मुखात ओतले. लोक म्हणाले, यात्रा व्यर्थ गेली. नाथांची श्रद्धा अशी, की रामेश्वरच पुढे येऊन आपली पूजा घेऊन गेला. ही कथा ऐकताना सभामंडपात डोळे पुसणारी मंडळी पुष्कळ असतात. ते अश्रू घरच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले, तर कीर्तनाचे सार्थक झाले.

आणि कीर्तनाचाच आणखी एक धडा सांगतो. कीर्तन संपले की बुक्का लावतात. बुक्का लावणारा हात समोरच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, हे पाहत नाही. हरिदासांच्या मेळ्यात जे कपाळ पवित्र, ते शेजारणीच्या ओसरीवर अपवित्र कसे होते?

एका गावाने घातलेला पायंडा

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे, या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव होता. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे सांगितले. ठरावाने मने एका दिवसात पालटत नाहीत, हे खरे. परंतु गावाने एकत्र बसून जे ठरवले, ते करणे एकट्या घराला सोपे जाते. अलीकडे ठिकठिकाणी सर्वच स्त्रियांना बोलावून हळदीकुंकू आणि तिळगुळाचे समारंभ होऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय.

तेव्हा यंदा काय करावे? फार मोठे काही नको. ज्या माउलीच्या घरी हळदीकुंकू असेल, तिने आळीतील एकही घर न गाळता बोलावणे करावे. बोलावणे मुलाच्या हाती न पाठवता स्वतः जावे. कारण वर्षानुवर्षे माजघरात बसलेली बाई निरोपाने येणार नाही, हात धरल्यावर येईल. आल्यावर तिला कोपऱ्यात न बसवता ओळीत बसवावे. कुंकू लावावे की नाही, हे तिला विचारावे. तिने नको म्हटले तर आग्रह करू नये, तिने हो म्हटले तर कोणी भुवया उंचावू नयेत. वाण मात्र सर्वांना सारखेच द्यावे. घरात सासू, जाऊ, नणंद अशी कोणी असेल, तर पहिले वाण तिला. आणि ती वयाने वडील असेल, तर तिच्या पाया पडून तिच्याच हातून सुगडाची पूजा करवावी. तिचा आशीर्वाद कमी पडला असे एकही उदाहरण पुराणांत नाही. पांडवांच्या पाठीशी उभी राहिलेली कुंतीमाता विधवाच होती.

आपल्या भाषेत संक्रांत येणे म्हणजे संकट येणे, असा एक अर्थ रूढ झाला आहे. ज्या घरावर तशी संक्रांत येऊन गेली, त्या घरी खरी संक्रांत, तिळाची, स्नेहाची आणि परतलेल्या सूर्याची, घेऊन जाणे आपल्या हाती आहे. सूर्याचा रथ उत्तरेकडे वळतो तेव्हा त्याचा प्रकाश आळीतील एकेक घर निवडून पडत नाही. आपल्या ताटातील तिळगूळही तसाच सर्व घरी जावो, हीच त्या सवितृदेवाच्या चरणी प्रार्थना.